नाक दाबलं की

"हॅलो? बोल, आई... चावली? कोण, आपली ठमी?... रक्त आलं का?"

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती, ठमीची आई, काचा घासत बसली होती. तिने यंत्र बंद केलं. आईचं गाऱ्हाणं चालूच होतं: दोन वर्षांची एवढीशी नात, पण आजीच्या बोटाला अशी चावली की नख काळंनिळं पडलं. एवढा मऊ पालक शिजवला होता, तरी.

"थांब, थांब... पण तुझं बोट तिच्या तोंडात गेलंच कसं?"

आईने आधी उडवाउडवी केली. मग म्हणाली, घास थुंकत होती, म्हणून नाक जरासं दाबलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, त्यात काय एवढं.

"जरासं म्हणजे?... अगं ऐक ना... नाही, आता तू ऐक. ती म्हण आहे, आई. पोरीला भरवायची रीत नाही."

आवाज चढला तसं बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. तिने पायानेच दार लोटलं.

"हो, हो, माझंही दाबायचीस. आणि मी चांगली धडधाकट वाढले, माहितीय. चौतिशी उलटली, तरी पालक दिसला की हात आधी नाकावर जातो माझा... बिस्किटं? बिस्किटं दे कुठे म्हटलं मी? ताटलीत ठेव. चिवडू दे, चाटू दे, दहादा थुंकू दे. अकराव्यांदा खाईल. आणि शेजारी बसून तूही तोच पालक खा, तिला दिसू दे... का? का नाही?"

उत्तर इतकं हळू आलं की पुन्हा विचारावं लागलं.

"आवडत नाही? तुला?... कधीपासून?"

लहानपणापासून, आई म्हणाली. म्हणून तर ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीच पान वाढून घ्यायची. तिच्या ताटात काय नाही, ते कुणाला दिसायचं नाही.

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"म्हणजे स्वतः टाळायचीस आणि नाक माझं दाबायचीस... नको, रडू नकोस. मी आत्ता तुझी समजूत काढणार नाही. बोटाला बर्फ लाव. आणि यापुढे तिच्या तोंडाला हात लावलास, तर मी तिला इथे घेऊन बसेन, या काचांच्या भुकटीत... हो. खरंच."

पलीकडे फ्रीज उघडल्याचा आवाज आला. मग आईने विचारलं, त्या पालकाचं काय करू?

"राहू दे तसाच. दोघींच्या मध्ये ठेव. आधी कोण खातं, ते संध्याकाळी सांग मला."

आणि तिने फोन ठेवला.