सुजाताच्या लेखाचे दाखले

पेढे घ्या, पण सुजाताची बढती माझ्यामुळे झालेली नाही, हे आधीच सांगतो. मी प्रयत्न मात्र केला होता.

माझी मुलगी फॅमिली डॉक्टर, कॉलेजात शिकवतेही. मी आयुष्यभर मार्केट यार्डात हमाली केली, म्हणून तिने हमालांच्या कंबरदुखीवरच संशोधन केलं. गेल्या वर्षी एकदा तोंड पाडून घरी आली.

"अप्पा, बढतीसाठी माझ्या लेखाचा दाखला किती जणांनी दिला ते मोजतात. सातच निघाले. त्यातले दोन माझे मीच दिलेले, ते धरत नाहीत."

"का गं?"

"घरचंच झालं ना ते."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन यार्डात गेलो. भेटेल त्या हमालाला विचारलं, "पोतं उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, हे कोणी सांगितलं?"

"सुजाता मॅडमनी," असं म्हणून जो तो सही करत गेला.

नामदेवने अंगठा उठवला आणि म्हणाला, "बायको म्हणते, देवापुढे कधी बसला नाहीत, पोत्यापुढे बरे बसता."

संध्याकाळी वही सुजातापुढे ठेवली. ती पोट धरून हसली. "अप्पा, दाखला छापलेल्या लेखात लागतो. हे कमिटीला चालणार नाही."

मग पहिल्या पानावर थांबली. सगळ्यात वर माझं नाव होतं, त्यावर रेघ मारलेली.

"हे का खोडलंत?"

म्हटलं, "घरचं धरत नाहीत ना."