सत्तावीस चक्कर

अडाणीपणाला अध्यक्षपद मिळालं की काय होतं, ते मी वणीला पाहून आलोय. अजून राग उतरलेला नाही.

आमच्या शेजारच्या सुनंदाताई चाळीस वर्षं कथक करतात. ताप असो, घरी पाहुणे असोत, सकाळचा रियाज चुकत नाही. वणीच्या एका मंडळाने त्यांना बोलावलं, सोबत मी गेलो. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलं होतं: 'सत्तावीस चक्कर'. कथकातल्या गिरक्यांना चक्करच म्हणतात.

अध्यक्षांनी ते वाचलं आणि तडक ताईंकडे आले.

"ताई, तब्येतीचं आधी सांगावं ना! शेवटचा आयटम रद्द."

"भाऊ, मले चक्कर येत नाही. मी घेते."

"माहीत असून घेता? कायले पण? काही झालं तं जबाबदार कोण?"

ताईंचा चेहरा उतरला. त्या गिरक्यांसाठीच तर त्या आल्या होत्या. माझं डोकं फिरलं. पण अशा माणसाशी वाद घालायचा नसतो, त्याला कागद द्यायचा असतो, हे कारकुनीने मला शिकवलंय. मी तिथेच अर्ज लिहिला: 'विषय – स्वतःच्या जबाबदारीवर चक्कर घेण्याबाबत.' ताईंनी सही केली. अध्यक्षांनी अर्ज घडी करून खिशात घातला, तेव्हा कुठे तबला सुरू झाला.

सत्ताविसावी गिरकी संपली आणि ताई बरोबर समेवर थांबल्या, खांब रोवल्यागत. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तोच अध्यक्ष माइककडे धावले.

"घाबरू नका! म्याडम शुद्धीवर आहेत!"