माह्या माल्टाची जमीन

...आन् कोमोरोसबी अमरदीपलेच. आता मी जळतो असं नाई बरं का. पन थांबा, आधी माफी मागून घेतो. हे सारं मी कागदावर लिहून आनलं हाये, कारन चार मानसं समोर दिसली का माही जीभ टाळूले चिकटते. नववीतून शाळा सुटली, मायबापासंगं ऊस तोडाले गेलो, त्याच्यानं ऱ्हस्व-दीर्घाचं काई खरं नाई आन् शब्दबी साधेच हायेत. तुमाले चुका ऐकू येनार नाईत, पन मले दिसून राह्यल्या ना...

तर तुमाले सांगतो, आमच्या तांड्यातली रेनू मानोऱ्याले कॉलेजात जाते. तिले प्रदर्शनात दाखवाचं होतं, का दोन लहान देशायची शेतजमीन साठ सालापासून आजवर कशी बदलली. एक माल्टा, एक कोमोरोस, दोन्ही समुद्रातले. आता आकडे लिहून भिताडाले लावले तर कोन पाह्यते? म्हनून तिनं डोकं चालवलं. आमच्याकडं तीजेले पोरी टोपल्यात गहू पेरतात ना, तसंच. दर दहा वर्साले एक टोपली, जेवढी जमीन तेवढाच गहू, बाकी माती रिकामी. म्हने, एका देशाले पानी अमरदीप घालन, दुसऱ्याले किशन. किशन म्हनजे मी. आन् रेनू म्हने, ज्याचा देश चांगला उगवन, थो प्रदर्शनात माह्याजवळ उभा राहीन.

मले तेवढंच पाह्यजे होतं. बाकी काईच नाई.

पन वाटनी कशी झाली, आयका. कोमोरोसची जमीन वाढत गेली, थो अमरदीपले. अमरदीप मोबाईलच्या दुकानात बसते, घडीघडी केसायले हात लावते, त्याले पयलेच काय कमी होतं? हरेक टोपलीत त्याचा गहू पसरतच जाये. माल्टाची घटत गेली, थो मले. रेनू माह्या टोपलीत बोटानं गोल काढे, हरेक गोल मागच्यापेक्षा लहान. म्हनलं, काहून घटली? तर म्हने घरं झाली, हाटेलं झाली. हाटेलं? वावरात? तिथं घरची मोठी मानसं रागवत नाईत काय कोनाले? हरिसिंग काका तर रोज पारावरून इचारत, "काय किशन, आज किती एकर गेलं?" रेनू अमरदीपच्या टोपलीकडं पाहून "वा" म्हने आन् माह्या टोपलीकडं पाहून "अरेरे". मी जळतो असं नाई बरं का... पन अरेरे?

मंग मीबी जिद्द धरली. कोंबड्या हाकलल्या, मुंग्यायसाठी राख टाकली, पानी हातानं शिंपडलं. गहू असा तरारला का अमरदीप दोनदा पाहून गेला, आन् दुसऱ्या वक्ती जाताना त्याची शिट्टी बंद होती. म्हनलं, झालं, आता रेनूजवळ मीच.

पन माही याडी... याडी म्हनजे माय, तुळसाबाई. तिनं रिकाम्या मातीत मेथी टाकून देली. कोनाले न इचारता. साऱ्या टोपल्या काठोकाठ हिरव्या. साठ साली भरलेला माल्टा, आजबी भरलेला माल्टा.

म्हनलं, याडी, हे काय केलं?

म्हने, "रिकामी माती मले पाह्यवत नाई. एवढं पानी घालून राह्यला, त्याच पान्यात भाजी होते."

"याडी, तिथं हाटेलं हायेत."

"मंग हाटेलात भाजी लागत नाई काय?"



प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रेनू आली. मले वाटलं, आता रडते. रडली नाई. खाली बसली आन् म्हने, "किशन, मेथी उपट. तुह्या देशाची जमीन कमी झालीच पाह्यजे." पन उगवलेल्या पिकाले हात कसा घालाचा? माहा हातच पुढं जाईना. तिले समजलं. तिनंच एकेक काडी उपटाले घेतली, गव्हाले धक्का न लावता, मंग हळूहळू मीबी लागलो. दुपारभर आमी दोघं, टोपलीच्या अल्याड-पल्याड. आन् अमरदीप? त्याचा कोमोरोस तयार, त्याले कामच नाई. ओट्यावर बसून आमच्याकडं पाहे. जिंदगीत पयल्यांदा कोनीतरी माह्यावर जळून राह्यलं होतं, आन् तुमाले सांगतो, लय गोड लागते ते.

सांजच्याले रेनूनं दोन्ही देश पाह्यले. म्हने, "गहू तुहाच चांगला हाये, किशन. पन तिथं सर लोक इचारतीन. बोलशीन ना तू?"

मले सारं पाठ होतं. साठ सालापासून. तोंड उघडलं... आन् म्हनलं, "अमरदीपले ने."

कोन बोललं हे? मीच बोललो. तेवढंच बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आटो आला. टोपल्या मीच चढवल्या, मागं कोमोरोस, बाजूले माल्टा, मधात अमरदीप. आखरी टोपली उरली, आजच्या माल्टाची, मुठीएवढा गहू तिच्यात. ठेवाले जागाच नव्हती. रेनूनं हात पुढं केले, मी देली, तिनं मांडीवर घेतली, वारं लागू नये म्हनून वरून ओढनी धरली, आन् आटो गेला.

अमरदीपवर जळनं मी तवाच सोडलं. आता मी माल्टावर जळतो.