पुस्तक संपेपर्यंत

वाशीच्या पुस्तक प्रदर्शनात जयदेव बिलाच्या रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे शर्मिला आणि संघप्रिया या दोघी मैत्रिणी. आवाज कमी करायची सवय दोघींनाही नव्हती.

"संघप्रिया, हे काय उचललंस? वीट आहे का?"

"आमच्या ह्यांना शेअरचं ट्रेडिंग करायचंय. चार्ट बघून भाव कुठं जाणार ते ओळखायचं, ते शिकायचंय."

"मग हे घे ना. मराठीत आहे, चित्रं आहेत. आठवड्यात वाचून होईल."

"म्हणून तर नको."

"म्हणजे?"

"त्यांनी शब्द दिलाय. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय मार्केटमध्ये एक रुपया लावणार नाहीत."

"आणि तू हे इंग्लिश घेतलंस."

"इंग्लिश, सातशे पानं, अक्षर मुंगीएवढं. पहिल्या धड्यातच झोप येते. मी स्वतः चेक केलंय."

"भावोजींना कळलं तर?"

"कसलं कळतंय. बायको किती सपोर्ट करते म्हणून ऑफिसात सांगत फिरतायत."

"आणि वाचून संपवलंच तर?"

"मग खरंच शिकले म्हणायचे. मग मी पण लावते की थोडे."

जयदेवांनी काखेतलं पुस्तक हळूच पुढे घेतलं. तीच वीट होती. सकाळीच बायकोने, शांतीने, फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, 'ट्रेडिंग शिकायचं तर हेच आणा. तुमच्यासाठी मुद्दाम शोधून काढलंय.'

ते जरा पुढे वाकले.

"ताई, ते चित्रांचं पुस्तक कुठल्या टेबलावर होतं?"