आधी वजन

त्या शनिवारी बाबा धावण्याचा व्यायाम करून घरी आले आणि घोटभर पाणीही न पिता वजनकाट्यावर चढले. मी पेपरातून मान वर केली नाही. रविवारीही ते तसेच पाणी न पिता धावून आले आणि त्या काट्याशेजारीच कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

आज व्यायामशाळेत वजनाच्या रांगेत माझ्यामागे एक मुलगी आणि तिचे वडील होते.

“पप्पा, ओठ बघा कसे सुकलेत. पाणी प्या.”

“आधी वजन. प्यायलो की काटा चढतो.”

“निदान केळं तरी खा.”

“म्हणजे तासभर धावलो ते फुकट? माझी आई होऊ नकोस.”

“हात थरथरतोय तुमचा.”

“वय झालंय त्याचं.”

“चक्कर येतेय ना?”

“जराशी. ओरडू नकोस, नंबर जाईल.”

मी मागे वळले आणि माझी बाटली त्यांच्यापुढे धरली.

“काटा कुठे पळून जात नाही, बाबा. आधी पाणी प्या.”