बेतलेला झगा

(धार. वैशाखातली दुपार. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले आहेत. ओसरीवर विनोदिनी आणि तिची थोरली नणंद जानकीबाई. सहा वर्षांची कमल आतल्या खोलीत निजली आहे, तिचा आवाज तिथूनच येतो.)

विनोदिनी : फक्त खांदे जोडते, वन्सं. बाकीचं राहू दे.

जानकीबाई : खांदे काय आणि बाह्या काय. घरात देवी आल्यात. फोडणी बंद, विंचरणं बंद, तशी सुई बंद. तू इथं कापडात खुपसशील, ती तिकडं त्यांना लागायची. मग भोगायचं पोरीनं.

विनोदिनी : मागच्या अंगणात बसून शिवते.

जानकीबाई : मागचं अंगण काय देवासच्या हद्दीत आहे? घर ते घरच.

विनोदिनी : अहो, परकराची नाडी तिच्या कमरेला टेकू देत नाही ती. पोलक्याचं तर नावच नको. धोतराचं पान पांघरलंय, तेही फोडांना चिकटतं. काढताना मला बघवत नाही. हा झगा गळ्यातून सोडला की खाली पोटऱ्यांपर्यंत कुठं म्हणून धरत नाही. उन्हाळ्यासाठीच आहे तो. आतून वारा खेळतो.

जानकीबाई : हे कोण म्हणालं?

विनोदिनी : तुमचे भाऊच. सरदारपूरच्या ज्या मडमेनं त्यांना तो कागदी नमुना दिला, ती म्हणे, आमच्याकडं घरोघरी याच कागदावर पोरींचे झगे निघतात.

जानकीबाई : त्यांच्या पोरींना देवी येत नसतील.

विनोदिनी : त्या टोचून घेतात.

जानकीबाई : बोल. मनात आहे ते एकदा बोलून टाक.

विनोदिनी : काही नाही मनात.

जानकीबाई : टोचणारा आला तेव्हा माळ्यावर तिला मी लपवली. कबूल. पण तिच्या तोंडावर हात दाबून कोण बसलं होतं?

विनोदिनी : मी.

जानकीबाई : मग झालं तर. केलं दोघींनी, आता पाळायचंही दोघींनी.

विनोदिनी : कापड बेतलं त्या दिवशी किती हसलो होतो आपण.

जानकीबाई : बेतलं म्हणू नकोस. भलत्या वेळी भलता शब्द. जिवावर बेततं म्हणतात ना, तेच बेतणं ते.

विनोदिनी : मग काय म्हणू?

जानकीबाई : काढून ठेवलंय म्हण.

विनोदिनी : बरं. काढून ठेवलं त्या दिवशी. पाकिटातून कागद अर्ध्याच झग्याचा निघाला. मला वाटलं, मडमेनं अर्धा स्वतःलाच ठेवून घेतला. कमल म्हणाली, चालेल आई, मी अर्धी उन्हात जाईन न् अर्धी सावलीत बसेन. हे संध्याकाळी घरी आले, पाकिटावरचं वाचलं आणि म्हणाले, कापड दुमडून घडीवर कागद ठेवायचा असतो. तोवर मी एक बाजू कापून बसले होते.

जानकीबाई : म्हणून तर पुढं मधोमध शिवण येणार. त्या शिवणीवर भरायला मी फुलं योजून ठेवलीत. पाच पाकळ्यांची. आणि गळा दोन बोटं आत घ्यावा लागेल, त्या गोऱ्या पोरींच्या मानेचं माप आहे ते. आपली कमल म्हणजे काडी.

विनोदिनी : तुम्ही एवढा विचार केलात होय?

जानकीबाई : सुई बंद आहे, विचार नाही बंद.

कमल : आई, म्हारो झगो हुई ग्यो?

विनोदिनी : होतोय, बाळ.

कमल : कितना राहिला?

जानकीबाई : बाह्या राहिल्यात गं. पडून राहा तू.

कमल : आत्या, दिवा लावा ना. कवाधरनं रात्रच आहे.

जानकीबाई : लावते हं. वात वळतेय.

विनोदिनी : वन्सं, ऊन आहे बाहेर.

जानकीबाई : मला दिसतंय.

विनोदिनी : तिला ते दिसत नाही.

जानकीबाई : हळू बोल. कान आहेत तिला.

विनोदिनी : उमाशंकर वैद्य मघाशी आले, ते आत गेले तसेच बाहेर आले. बसले नाहीत. चौकटीशी तुमच्याशी बोलत होते. काय म्हणाले?

जानकीबाई : अंथरुणातला पाला बदलत जा म्हणाले.

विनोदिनी : तो आपण बदलतोच. पुडी दिली?

जानकीबाई : नाही.

विनोदिनी : उद्या येणार आहेत?

जानकीबाई : बाहेरगावी जायचंय त्यांना.

विनोदिनी : आणि मातेच्या ठाण्यावरची भवानीबाई? ती तरी काही बोलली असेल.

जानकीबाई : ती म्हणाली, फूल बारे नी आया, बाई. दाणा वर फुलायला हवा होता, तो आतच बसला.

विनोदिनी : म्हणजे काय?

जानकीबाई : मी काय वैद्य आहे? ती बोलली ते सांगितलं.

कमल : आई, अंग जळतंय. हवावाला झगा दे.

विनोदिनी : आलेच हं. वारा घालते.

जानकीबाई : विनोदिनी.

विनोदिनी : नाही काढत सुई. फळीवरच आहे डबी, हातसुद्धा नाही लावला.

जानकीबाई : काढ.

विनोदिनी : काय म्हणालात?

जानकीबाई : डबी काढ. दोरा मी ओवून देते, तुला आत्ता नेढं दिसायचं नाही. मधली शिवण तू घाल, खांदे मी घेते. धावदोरा पुरे, बारीक टाके घालत बसू नकोस.

विनोदिनी : देवींना लागेल.

जानकीबाई : लागू दे.

विनोदिनी : तुम्हीच म्हणत होतात.

जानकीबाई : म्हणत होते. आता नाही म्हणत. एकदा तिच्या अंगावर पडू दे तो. दिवस मावळायच्या आत होईल.

विनोदिनी : वैद्यबुवा काय म्हणाले, वन्सं?

जानकीबाई : डबी दे इकडं.

विनोदिनी : नको.

जानकीबाई : अगं, तुलाच शिवायचा होता ना? सकाळपासून जीव खाल्लास माझा.

विनोदिनी : तुम्ही अडवत होतात तोवर शिवायचा होता.

जानकीबाई : असं करू नये, पोरी. दे ती डबी.

विनोदिनी : डबी फळीवरच राहू दे. मी मागत जाईन. तुम्ही आपलं नाहीच म्हणत राहा.