सगळं शांत आहे

एमआयडीसीच्या शेअर रिक्षेसाठी रांगेत उभ्या असलेल्या रंजनाच्या पुढे एकाच कंपनीची ओळखपत्रं घातलेले दोघं होते. मुलगी नवीन असावी, सारखी विचारत होती.

"रूपेशदादा, मेल सर्व्हरची नवी सेटिंग तूच टाकलीस काल?"

"मी कशाला हात लावतोय? सगळं ऑटोमॅटिक आहे. आधी सेटिंगची फाइल तपासली जाते, मगच नवी चढते."

"तपासली जाते ती कुठली फाइल?"

"सर्व्हरवरची."

"पण तेव्हा सर्व्हरवर तर जुनीच असेल ना?"

"मैत्रेयी, दोन वर्षं चाललंय हे. दरवेळी ओके येतं."

"जुनी ओकेच येणार ना."

रिक्षा आली. दोघं हलले नाहीत. रंजनाने मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं.

"हे बघ, चुकीची चढली असती तर एव्हाना बोंब झाली असती. सकाळपासून एक तक्रार नाही. सगळं शांत आहे."

"लोक तक्रार कुठे करतात?"

"कुठे म्हणजे? मेलवर."

मैत्रेयीने फोन काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"बघतेस काय अशी?"

"मला ऑफिसच्या मेलवर एक मेल टाक ना. आत्ता."

रूपेशने टाकला. मैत्रेयीने फोन हातावर धरला. रंजनाही मान लांबवून त्यात बघत राहिली, आणि रिक्षा भरून जात राहिल्या.